मूळ नक्षत्र आणि विमलताईंची चकती

विमलताई,

तुम्ही गेलात त्याच आठवड्यात चुडाव्याहून निरोप आला. आमच्या सायलीला बघायला यायचं म्हणतात. मुलगा वीज कंपनीत आहे, माणसं साधी आहेत, आणि मुलीची जन्मवेळ तेवढी आधी कळवा. निरोप मोबाइलवर आला तेव्हा मी परभणीत तुमच्या पुण्यानुमोदनाला पांढरी साडी नेसून बसले होते. भंतेजी बोलत होते, तुमचा फोटो समोर होता आणि माझं लक्ष सारखं पर्समधल्या फोनकडे जात होतं. ही वेळ कळवायची की नाही, कळवली तर पुढं काय, हे मी कुणाला विचारणार होते? जिला विचारलं असतं तिच्याच फोटोला फुलं वाहायला मी आले होते.

त्या दिवशी लोक तुमच्याबद्दल खूप चांगलं बोलले. शिस्त, वाचन, मुलींना शाळेत टिकवणं. सगळं खरंच आहे. पण मला आठवत होती ती तुमची पुठ्ठ्याची गोल चकती, मधोमध टाचणीनं जोडलेली, आणि अंधारात डोळे दिपू नयेत म्हणून लाल जिलेटीन लावलेली बॅटरी. वरच्या पुठ्ठ्याला लंबगोल खिडकी, कडेला तास. खालच्या पुठ्ठ्यावर तारे, कडेला महिने आणि तारखा. आजची तारीख आत्ताच्या तासासमोर आणली की खिडकीत दिसतं ते आपल्या डोक्यावरचं आभाळ. तुम्ही मला हे पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा मी बाळंतीण होते आणि मला आभाळाशी काही देणंघेणं नव्हतं.

सायली मूळ नक्षत्रावर झाली. माझी आई आधीच गेलेली, म्हणून बाळंतपण सासरीच, झरीला. दवाखान्यातून घरी आले त्याच दिवशी सासूबाई गुरुजींकडून पंचांग बघून आल्या आणि घराचा रंग बदलला. नक्षत्र फिरून पुन्हा येईल तेव्हा शांती करायची, तोवर बापानं लेकीचं तोंड बघायचं नाही, बघितलं तर त्याच्या जिवावर येतं. सायलीचे बाबा तेव्हा पाथरीला जीप चालवायचे. ते तिकडंच आतेभावाकडे राहिले. त्यांना कुणी जबरदस्ती केली नव्हती, ताई. ते स्वतःच भ्याले होते. रोज अंगावर माणसं भरून जीप पळवणारा माणूस, त्याच्या नजरेसमोर काय काय येत असेल ते मी समजू शकत होते. समजून मला रागही येत होता.

त्यात पोरीला कावीळ झाली. अंग पिवळं, दूध ओढायला तयार नाही, सारखी झोपलेली. डॉक्टर म्हणाले कोवळ्या उन्हात धरा, उतरेल. सासूबाई म्हणाल्या, हे उन्हाचं काम न्हाई. मी रात्रंदिवस तिच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायची. डोळा लागला की दचकून उठायची.

तुमची खोली समोरच्या गल्लीत होती. तुम्ही शाळेत नव्यानं आलेल्या. बौद्धवाड्यात घर न घेता शाळेजवळ खोली घेतली, हेच तेव्हा गावात बोललं जात होतं. तुम्ही रोज संध्याकाळी बाळाची चौकशी करायला यायचात, पण आमच्या ओट्यापर्यंतच. सासूबाईंनी कधी आत या म्हटलं नाही, तुम्हीही कधी उंबरा ओलांडला नाही. चहा मी बाहेर आणून द्यायची. त्या उंबऱ्याबद्दल आपण दोघी पुढं इतक्या वर्षांत एकदाही बोललो नाही. मला वाटायचं तुम्ही विषय काढाल. तुम्हाला काय वाटायचं ते आता कळायचं नाही. आपण भांडलो ते दुसऱ्याच गोष्टीवरून.

मुळाचं सगळं मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "तू बघितलीस का कधी मूळ?"

मी म्हणाले, ती बघायची असते का?

"आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरात पंचांग न्हाई. आमच्याकडं नक्षत्रं फक्त आभाळातच असत्यात," तुम्ही म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी चकती घेऊन आलात.

पाऊस सरून आभाळ धुतल्यासारखं झालं होतं. दिवेलागणीनंतर भारनियमनानं गावातली लाईट गेली, चंद्र अजून वर आला नव्हता. तुम्ही ओट्याखाली उभ्या राहून सासूबाईंना हाक मारलीत. त्या आल्या, हे मला अजून नवल वाटतं. तुम्ही त्यांना नैर्ऋत्येकडं तोंड करायला लावलंत, चकती डोक्यावर उलटी धरून दाखवलीत. सासूबाईंनी लगेच चूक काढली. ह्याच्यात पूर्व डावीकडं हाय, म्हणाल्या, हे उलटं छापलंय. तुम्ही हसलात. जमिनीचा नकाशा आपण खाली बघून वाचतो, हा वर बघून वाचायचा, म्हणून उलटा, असं सांगून त्यांचाच हात वर करवलात. मग उजवीकडं खाली तांबडी ज्येष्ठा, तिथून डावीकडं वळत गेलेली विंचवाची शेपटी, आणि शेपटीच्या टोकाला एकमेकींना चिकटून दोन चांदण्या. हीच मूळ.

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं झालं, सुटले. त्या म्हणाल्या, "दिसायला लय सोज्वळ हाय. पण साप बी दिसायला सोज्वळच असतो, बाई." आणि आत गेल्या.

तुमचा चेहरा मला अंधारात दिसला नाही. पण चकतीची कड तुम्ही बोटांनी वाकवत होतात तेवढं दिसलं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी सायलीचे बाबा आले. पोरीला बरं नाही हे त्यांना पाथरीला कळलं होतं. दिवस मावळून अंधार पडल्यावर गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले, घराकडं यायची हिंमत नाही. सासूबाई मारुतीला दिवा लावायला गेल्या होत्या. तुम्ही ओट्यावर होतात. तुम्हीच त्यांना ओळखून बोलावलंत. या, तुमच्या लेकीचं नक्षत्र बघा म्हणालात, आणि चकती त्यांच्या हातात दिलीत. त्यांना आजची तारीख सापडेना. तुम्ही लाल बॅटरी धरून त्यांना तास लावून दिलात. त्यांनी वर बघितलं, ज्येष्ठा सापडली, शेपटी सापडली. मग ते म्हणाले, "एवढ्या लांबून काय करंल हो ती?"

मी पोरीला घेऊन दारात उभी होते. लाईट नव्हती, चंद्र नव्हता. मी ओटा उतरले आणि पोर त्यांच्या हातात दिली.

"तोंड बघू नका," मी म्हणाले. "नुसती धरा."

त्यांनी मान वर केली, आभाळाकडे, आणि डोळे मिटून घेतले. पोरीला छातीशी धरलं. ती कुरकुरली, मग गप्प झाली. मी गल्लीकडं कान लावून होते, सासूबाईंच्या चपलांचा आवाज कधी येतो म्हणून. आणि माझी नजर तुमच्या हातावर होती. लाल जिलेटीन तुम्ही काढून टाकलं होतं आणि तुमचा अंगठा बॅटरीच्या बटणावर होता. एक बटण दाबलं असतं की पोरीच्या तोंडावर पांढराफट उजेड पडला असता, आणि ते सगळं प्रकरण तिथंच, आमच्या दारात, मोडलं असतं. मला वाटत होतं तुम्ही दाबणार. दाबलं तर हे पोरीला टाकून पळतील का, या विचारानं मी तिच्याखाली दोन्ही हात धरून उभी होते.

तुम्ही दाबलं नाही. त्यांनी पोर माझ्याकडे परत दिली, सासूबाई यायच्या आत निघून गेले.

मग तुम्ही माझ्यावर कडाडलात. "तू नियम पाळलास, मंगल. तुझ्या हातानं पाळलास. बापाला लेकीचं तोंड बघू नको म्हणालीस."

मी म्हणाले, मी बापलेकीची भेट घातली.

"आंधळ्याची भेट," तुम्ही म्हणालात.

कावीळ उतरली. नक्षत्र फिरून आलं, शांती झाली, मी पोरीला मांडीवर घेऊन पाटावर बसले, तिच्या बाबांनी तेलाच्या वाटीत पडलेलं तिचं प्रतिबिंब बघितलं. तुम्ही जेवायला आला नाहीत. दिवाळी झाली तरी ओट्यावर आला नाहीत. त्या शांततेत मला पहिल्यांदा कळलं की मी तुमची वाट बघते. शेवटी मीच पोरीला घेऊन तुमच्या खोलीवर आले. तुम्ही दार उघडलंत, पोरीला घेतलंत, आणि चहा ठेवता ठेवता तेच भांडण जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू केलंत.

ते भांडण संपलंच नाही. तुमचं म्हणणं, डोळ्यांनी बघितलं की भीती जाते, जायलाच पाहिजे. नाही गेली तर माणूस मुद्दाम धरून ठेवतो. माझं म्हणणं, भीती बघून जात नाही, तिला घेऊनच पुढं सरकावं लागतं, अंधारात तर अंधारात. तुमची बदली पाथरीला झाली, चकती सायलीला देऊन गेलात, पुढं परभणीला घर बांधलंत. दर भेटीत आपण कुठून तरी तिथंच यायचो. मी अजूनही माझं म्हणणं सोडलेलं नाही. पण तुम्ही बटण का दाबलं नाहीत, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्हाला उत्तर द्यावं लागलं असतं आणि मला वाटतं ते तुम्हाला आवडलं नसतं.

शेवटच्या फोनवर तुम्हाला धाप लागत होती. डॉक्टर जिने चढू देत नाहीत म्हणालात. "मग आभाळ काय खाली येणाराय का माझ्यासाठी?" मी चुडाव्याचं स्थळ कानावर घालणार होते, तेव्हा नुसतीच बोलणी चालली होती. म्हटलं, तुम्हाला आधी बरं वाटू द्या. तेवढं राहिलं.

निरोप आल्यावर घरात आम्ही दोघं आठवडाभर भांडलो. सायलीचे बाबा म्हणत होते, वेळ बदलून सांगू. पहाटेच्या ऐवजी रात्रीची सांगितली की नक्षत्र बदलतं, पूर्वाषाढा होतं, कोण बघायला जातं. "सासऱ्याला वाईट म्हणत्यात मुळाची पोरगी. कोणता सासरा पत्करंल?" ते म्हणाले. मी नाही म्हणत होते, आणि मनात म्हणत होते की खोटी वेळ सांगून टाकावी. एकदा खोटं सांगितलं आणि पुढं त्या माणसाला साधा ताप जरी आला, तर आपल्याला आपलं खोटंच आठवेल. खरं सांगितलं आणि पुढं काही झालं, तर ते पोरीला बोलतील. दोन्हीकडं ताप एकच. रात्री मी उठून पोरीच्या खोलीत डोकावायची. ती परभणीला दवाखान्यात नर्स आहे, ड्यूटीवरून दमून आलेली, गाढ झोपलेली. तिच्या छातीवर हात ठेवायचं तेवढं राहायचं.

रविवारी चुडाव्याहून पाहुणे आले. मुलाचे वडील दत्तराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, कमी बोलणारे. पोहे झाले, चहा झाला. वेळ आम्ही कळवलीच नव्हती, म्हणून त्यांनी विचारली. सायलीच्या बाबांनी तोंड उघडलं, आणि ते कोणती वेळ सांगणार हे मलाही माहीत नव्हतं.

सायलीच बोलली. "पहाटे साडेचार. मूळ नक्षत्र. सासऱ्याला वाईट म्हणतात, तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं."

दत्तरावांच्या बायकोच्या हातातली बशी वाजली. मुलगा सायलीकडे बघून किंचित हसला, हे मी बघितलं, पण माझं लक्ष त्या म्हाताऱ्या माणसाकडे होतं. त्यांना न्यायला येणाऱ्या जीपला उशीर होता. सगळे अवघडून बसले. शेवटी दत्तराव म्हणाले, जरा वर गच्चीवर जाऊ का, आत गुदमरायलंय.

आम्ही वर गेलो तोवर अंधारलं होतं. ते पाठीमागं हात बांधून उभे राहिले आणि वर बघत म्हणाले, "ह्यातली मूळ कोणती म्हणायची?"

सायली खाली जाऊन चकती घेऊन आली. ताई, तुमच्या त्या पुठ्ठ्याच्या कडा आता पार मऊ झाल्यात. तिनं तारीख लावली, मोबाइलच्या उजेडात त्यांना खिडकी दाखवली. मृग डोक्यावर होता, रोहिणी, कृत्तिका. मूळ कुठंच नव्हती. "आत्ता ती खाली आहे, आपल्या पायाखाली," ती म्हणाली, आणि चकती हळूहळू फिरवत गेली. एक एक तास सरकला, मृग खिडकीच्या कडेला जाऊन बुडाला, आणि पलीकडून विंचू वर आला. "पहाटे साडेपाचला दिसेल. दक्षिणेला." त्यांनी चकती हातात घेऊन स्वतः मागंपुढं फिरवून बघितली. मग परत दिली. जीप आली. जाताना फक्त एवढंच म्हणाले, फोन करतो.

फोन आला नाही. सायलीचे बाबा माझ्याशी बोलेनात. सायली ड्यूटीवर जात होती, येत होती, विचारत नव्हती. मी तुमच्यावर चिडले होते, खरं सांगते. पोरीला तुम्ही अंधारात बघायला शिकवलंत, एवढ्याशा वयापासून चकती हातात दिलीत, आणि तिला वाटायला लागलं की जे आहे ते तोंडावर सांगितलं की भागतं. आता तिच्या जन्माचं काही झालं तर कुणाला जाब विचारू? आणि लगेच वाटायचं, निदान माझी पोर कशालाच भीत नाही, हे तरी कुणामुळं.

मग एका पहाटे फोन वाजला. बाहेर अजून अंधार होता. अशा वेळी येणारा फोन कसला असतो हे मला तुमच्या वेळी कळलं होतं. नाव बघितलं तर दत्तराव. काही झालं असेल तर, आत्ताच, लग्नाच्या आधीच, तर आयुष्यभर पोरीवर शिक्का बसेल. मी हॅलोसुद्धा नीट म्हटलं नाही.

"झोपमोड केली का?" ते म्हणाले. "पोरीला द्या जरा. चार दिस झालं उठायलोय, मला ती शेपटी सापडंना."

मी सायलीला उठवलं. ती शाल गुंडाळून फोन कानाला लावत गच्चीवर गेली आणि मी जिन्यात थांबले. वरून तिचा आवाज येत होता, दवाखान्यात पेशंटशी बोलते तसा, सावकाश. दक्षिणेकडं तोंड करा. तांबडा तारा दिसला का, मोठा? ती ज्येष्ठा. आता तिथून खाली या, जरा डाव्या हाताला. सरळ नाही, वाकत वाकत या. लिंबाचं झाड आड येतंय का? मग चार पावलं बाजूला व्हा. आता शेवटाला दोन तारे, जोडीनं.

मग ती पलीकडचं ऐकत होती. नुसतं "हो" म्हणाली. पुन्हा "हो" म्हणाली.

ती खाली आली तेव्हा मी जिन्यातच उभी होते. मी विचारलं, काय म्हणाले?

"सापडली म्हणाले. लय बारकी हाय म्हणाले." ती माझ्याच शेजारी पायरीवर बसली. "मग म्हणाले, मला खोटं सांगता यायचं न्हाई पोरी, भ्या वाटायलंय मला. पण ते माझं हाय, ते माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. तुझ्या बाबाला म्हणावं, तारीख धरा."

ताई, मी तुमच्या अंत्ययात्रेत रडले नव्हते. पुण्यानुमोदनातही नाही. त्या पहाटे जिन्यात, पोरीच्या खांद्यावर डोकं टेकून, मी तुमच्यासाठी रडले.